मासेमामाची टाकी

रोज सकाळी कामावर पोचलं की मासेमामाचं पहिलं काम ठरलेलं. मेलेले मासे जाळीने काढायचे, कागदात गुंडाळायचे आणि कुणा पाहुण्याच्या नजरेला पडायच्या आत मागच्या खड्ड्यात पुरून टाकायचे. मग सायकलला लटकवून आणलेल्या बादलीतले जिवंत मासे टाकीत सोडायचे, काच पुसायची आणि स्टुलावर बसून घरून आणलेला चहा प्यायचा. बारा वर्षं हा माणूस हेच करत होता. आता तुम्ही म्हणाल, बारा वर्षांत त्याला एकदाही वाटलं नाही का, की बाबा रे, हे मासे मरतात कशाने? वाटलं होतं ना. रोज वाटायचं. पण उत्तर त्याने भलतंच काढलं होतं, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

कारखाना कापड रंगवायचा. मामाची उमेदीची वीस वर्षं तिथल्या रंगाच्या हौदापाशी गेली. त्याची नखं कायमची निळी पडलेली, कितीही घासा, जात नाहीत. पुढे कंबर गेली, ओलं कापड उचलवेना, तेव्हा मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. कारखान्याचं घाण पाणी शुद्ध करायचा नवा प्लांट तेव्हा नुकताच बसला होता. त्यातून निघालेलं पाणी मागच्या ओढ्यात सोडायचे, आणि त्याच पाण्याची एक बारीक नळी गेटाजवळच्या काचेच्या टाकीत आणली होती. टाकीवर पाटी: ‘आमच्या शुद्ध केलेल्या पाण्यात मासे आनंदाने जगतात.’

“मामा,” साहेब म्हणाले, “काम बसल्या जागेचं आहे. टाकीत पाच-पन्नास मासे कायम पोहताना दिसले पाहिजेत. एखादा मेला तर बदलायचा. फुलदाणीतली फुलं नाही का बदलत आपण? तसंच.”

मामाला ते अगदी पटलं. पटणारच की! ज्या माणसाची कंबर मोडली आणि तरी ज्याला कुणी घरी बसवलं नाही, त्याला साहेबांचं काय पटणार नाही? कारखान्याच्या वरच्या अंगाला एक स्वच्छ तळं होतं. तिथून तो बोटभर लांबीचे चंदेरी मासे पकडून आणू लागला. लोक त्याला मासेमामा म्हणायला लागले आणि त्यालाही ते आवडलं.

पहिल्या वर्षी आठवड्याला दोन-तीन मासे मरायचे. मग रोज दोन-तीन. मग रोज दहा-पंधरा. मामा जिवाला लावून घ्यायचा. खाणं बदलून बघितलं, टाकीवर ओलं पोतं टाकून सावली करून बघितली, काच पुसायचा साबण बंद केला, स्वतःची तंबाखूसुद्धा सोडली, कारण तंबाखूचे हात पाण्याला लागतात असं त्याच्या मनाने घेतलं. तरी मासे मरतच राहिले. मग त्याने जाहीरच करून टाकलं. गेटवरच्या वॉचमनला, कँटीनवाल्याला, येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, “माझ्या हातालाच यश नाही रे. दुसरा कुणी असता तर मासे जगवले असते. माझ्या हातून मरतात.” लोक हसायचे. वॉचमन म्हणायचा, “मामा, तुम्ही माशांकडे बघू नका, तुमची नजर लागते त्यांना.” मामाही हसायचा. बारा वर्षं स्वतःच्या तोंडाने हा माणूस स्वतःला दोषी ठरवत राहिला, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात ते पक्कं बसलं. हे लक्षात ठेवा.

पाहुणे आले की साहेब त्यांना टाकीपाशी आणायचे. “हातच्या काकणाला आरसा कशाला? बघा मासे!” पाहुणे बघायचे. मासे सकाळीच सोडलेले असायचे, त्यामुळे झकास पोहायचे.

मामाला एकुलती एक लेक. उंची बेताची म्हणून घरात तिला बुटकी म्हणायचे, आणि तीही त्या नावाला ओ द्यायची. तिला स्थळ आलं ते ओढ्याच्या खालच्या वस्तीतलं. मुलगा ट्रक चालवणारा, निर्व्यसनी. व्याही तोंडाचे फटकळ पण मनाचे सरळ. घर स्वतःचं, अंगणात विहीर. सगळं चांगलं, पण मामी अडून बसली.

“त्या ओढ्याचं पाणी कधी लाल, कधी जांभळं,” मामी म्हणाली. “आणि यांची विहीर ओढ्यापासून वीस पावलांवर. मला नाही पसंत.”

तेव्हा मामाने काय केलं? बायकोला सायकलवर बसवून गेटवर नेलं आणि टाकीपुढे उभं केलं. “बघ. हेच पाणी ओढ्यात जातं. रंग उरतो थोडा, पण पाणी शुद्ध. अगं, मासे जगतात, माणसं नाही जगणार?”

मामी बघत राहिली. मासे पोहत होते. तिने मान डोलावली.

लग्न ठरताना मामाने व्याह्यांनाही टाकी दाखवून हेच ऐकवलं, आणि पुढे त्यांनी ते वाक्य उचललं. खालच्या वस्तीतल्या लोकांनी एकदा कारखान्याविरुद्ध अर्ज लिहिला, घरोघर फिरून सह्या घेतल्या. व्याही म्हणाले, “माझा व्याही त्या टाकीवर आहे. मासे जगतात, माणसं नाही जगणार?” त्यांनी सही केली नाही, आणि त्यांचं बघून अर्ध्या वस्तीने केली नाही. अर्ज बारगळला. मामाला ते कळलं तेव्हा त्याची छाती फुगली होती. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. मामाने मात्र टाकीतलं पाणी कधी ओठालाही लावलं नव्हतं. त्याच्या घरी वरच्या तळ्याचा नळ होता.

लग्नानंतर बुटकीला दिवस गेले. पाचव्या महिन्यात पोटातलं गेलं. डॉक्टर म्हणाले, पहिलटकरणीचं होतं असं कधी कधी. दोन वर्षांनी पुन्हा राहिलं, ते सातव्यात गेलं. या वेळी डॉक्टर काहीच म्हणाले नाहीत. बुटकी आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, “माझ्यातच काहीतरी खोट आहे.” बापासारखीच! दोष आला की आधी स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायचा, ही त्या घराण्याची खोडच होती.

तिसऱ्या वेळी तिला सहावा लागला, आणि त्याच सुमारास प्लांटची मोठी मोटर जळाली. कारखाना अठरा दिवस बंद. टाकीची नळी कोरडी पडली. मामाने आपल्या अकलेने टाकीत गेटवरच्या नळाचं, म्हणजे वरच्या तळ्याचं, पाणी भरलं.

पहिल्या दिवशी एकही मासा मेला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. दहाव्या दिवशी मामा घरी येऊन मामीला म्हणाला, “हाताला यश आलं गं! एक मासा मेला नाही. आता कळलं मला, खाणं कमी टाकायचं असतं.” त्या रात्री तो दोन घास जास्त जेवला. अठरा दिवसांत त्या माशांना तो ओळखायला लागला होता. एकाची शेपटी फाटकी होती, त्याला तो फाटक्या म्हणायचा. एरवी कुठला मासा नाव ठेवण्याइतका टिकलाय?

मग मोटर आली, कारखाना सुरू झाला, नळीतून पाणी पडू लागलं. तिसऱ्या सकाळी मामा पोचला तर टाकीत सगळेच्या सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. फाटक्या काचेला चिकटला होता.

मामाच्या हातातली जाळी हातातच राहिली. खाणं तेच, हात तोच, सावली तीच. बदललं होतं फक्त पाणी. बारा वर्षं जे त्याला दिसत होतं आणि समजत नव्हतं, ते एका क्षणात समजलं. आणि त्या पाठोपाठ त्याला आठवली ती अंगणातली विहीर. पाचव्यात गेलेलं एक. सातव्यात गेलेलं एक. तो स्टुलावर बसला नाही, स्टूल बाजूला राहिलं आणि तो खाली जमिनीवर बसला.

तसाच उठून तो साहेबांकडे गेला. “साहेब, मासे माझ्या हाताने मरत नव्हते. पाण्याने मरत होते.”

साहेबांनी त्याच्यासाठी चहा मागवला. चहा मागवला म्हणजे काम होणार नाही, हे कारखान्यातलं शेंबडं पोरही सांगेल. “मामा, वय झालं तुमचं, दमलात. तुमचं काम मासे बदलायचं. बदला आणि स्वस्थ बसा.”

“माझी लेक ते पाणी पिते, साहेब. पोटुशी आहे.”

“मग तिला सांगा, उकळून प्यायला,” साहेब म्हणाले आणि फोनकडे वळले.

मामाने सायकल काढली ती थेट खालच्या वस्तीत. व्याही ओट्यावर बसले होते, विहीणबाई धान्य निवडत होत्या, बुटकी दारात उभी होती. तिचा नवरा ट्रक घेऊन बाहेरगावी गेलेला. मामाने एका दमात सगळं सांगून टाकलं. मासे रोज मरतात, मी रोज बदलतो, तुम्हाला दाखवले ते त्या-त्या सकाळचे मासे होते. बोलताना त्याला घाम फुटला होता.

विहीणबाईंचा हात सुपातच थांबला. “म्हणजे बारा वर्षं तुम्ही आम्हाला फसवत होतात?”

“फसवत नव्हतो हो. मला वाटायचं, माझाच हात वाईट.”

“आणि आता अचानक पाणी वाईट?” व्याही ताडकन उठले. “व्याही, सरळ सांगा ना, लेकीला घरी न्यायचंय. दोनदा पोट रिकामं झालं म्हणून आमच्या घराला, आमच्या विहिरीला दोष. या विहिरीवर माझा बाप जगला, मी जगलो.”

“तेव्हा कारखाना नव्हता!”

“तुम्हीच म्हणाला होता, मासे जगतात, माणसं नाही जगणार? तुमच्या शब्दावर मी सही केली नाही. सगळ्या वस्तीच्या शिव्या खाल्ल्या. आता कुठल्या तोंडाने लोकांना सांगू, की आमचा व्याही खोटारडा?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो नुसता हात जोडून उभा राहिला. व्याह्यांनाही ते बघवलं नाही. आवाज खाली आणून ते म्हणाले, “पुढच्या सोमवारी सरकारी तपासणीचे साहेब येतायत म्हणे. त्यांच्यासमोर खरं करून दाखवा. त्यांनी पाणी वाईट म्हणून लिहून दिलं, तर मी स्वतः सुनेला तुमच्या दारात आणून सोडतो आणि विहिरीवर झाकण घालतो. तोवर हा विषय माझ्या घरात नको.”

निघताना मामा लेकीशी दोन शब्द बोलला. “पोरी, आत्ताच चल माझ्याबरोबर.”

“बाबा, असं भांडून कशी येऊ? ते परत दारात उभं करतील का?” ती म्हणाली. मग पोटावर हात ठेवून हळूच विचारलं, “खरंच पाणी आहे का हो? मी नाही ना?”

“तू नाहीस गं. तू नाहीस.”

दुसऱ्या दिवसापासून मामा घरच्या नळाचे दोन कॅन सायकलला बांधून रोज खालच्या वस्तीत नेऊ लागला. मोडकी कंबर, चढ-उताराचा रस्ता, नाकी नऊ यायचे. पण त्या घरात मोठ्या दिराची तीन लहान मुलं. बुटकी म्हणायची, “त्यांच्या डोळ्यांदेखत मी एकटीच वेगळं पाणी कशी पिऊ?” दुपारपर्यंत कॅन रिकामे व्हायचे. नंतर ती विहिरीचं पाणी घोट घोट, जीव मुठीत धरून प्यायची. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. मामा सोमवारची वाट बघत होता. तो एक सोमवार उजाडला की झालं, एवढंच त्याच्या डोक्यात.

सोमवारी त्याने बादली आणली नाही. टाकीत चाळीस मेलेले मासे तसेच ठेवले. काच मात्र लख्ख पुसली.

दहा वाजता तपासणीचे साहेब आले, बरोबर मोठे साहेब. टाकीपाशी दोघं थबकले. मामा पुढे झाला. रात्रभर घोकून ठेवलेलं त्याने बोलून टाकलं. “साहेब, हे सगळे या पाण्याने मेले. बारा वर्षं मरतायत. मी रोज बदलत होतो. कारखाना बंद होता तेव्हा अठरा दिवस एक मेला नाही. हे लिहा, साहेब. माझ्या लेकीसाठी लिहा.”

मोठ्या साहेबांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग ते हसले. “मामा आमचे जुने आहेत. मन लावून करतात, पण मासे काही यांच्या हाताला मानवत नाहीत. कुणालाही विचारा.”

आणि विचारलं हो! गेटवरच्या वॉचमनलाच विचारलं. वॉचमन मामाचा जिवलग. त्याला वाटलं, मेलेल्या माशांपायी मामाची नोकरी जाणार, काहीतरी बोलून म्हाताऱ्याला वाचवावं. तो कळवळून म्हणाला, “साहेब, माणूस सोन्यासारखा आहे. मासे यांच्या हातून मरतातच, आजचं नाही ते. हे स्वतःच सांगतात आम्हाला, माझ्या हाताला यश नाही म्हणून. पण दुसरं काही काम द्या त्यांना, काढू नका.” कँटीनवाल्यानेही मान हलवली. “हो, मामा स्वतःच म्हणतात.”

मामाने दोघांकडे बघितलं. खोटं तर कुणीच बोललं नव्हतं.

“पाणी तपासा ना, साहेब,” तो म्हणाला.

“नमुना ऑफिसात भरून ठेवलेला असतो, तो घेतलाय,” तपासणीचे साहेब कागदावर लिहीत म्हणाले. “‘टाकीची देखभाल असमाधानकारक. जाणकार माणूस नेमावा.’ चला, पुढे काय आहे?”

ते वळले, आणि मामाचं डोकं फिरलं. त्याने आपला चहाचा पेला उचलला, नळीखाली धरला, काठोकाठ भरला. “थांबा! मी पितो. इथे तुमच्यासमोर आडवा पडतो, मग लिहा. मग तर लिहाल?”

वॉचमन धावला, पण तोवर मामाने पेला रिकामा केला होता. पाणी खारट होतं, मागाहून कडवट. तो टाकीला टेकून उभा राहिला आणि वाट बघू लागला. मनातल्या मनात तो म्हणत होता, आता पाड मला. आत्ता पाड. सगळेच वाट बघत होते. कारखान्यातून दहा-वीस कामगार बाहेर येऊन उभे राहिले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मामाला एक ढेकर आली, बाकी काही नाही.

तपासणीच्या साहेबांनी घड्याळ बघितलं. “बरं वाटतंय ना, मामा?”

आयुष्यात खोटं बोलण्याची खरी गरज होती ती त्या क्षणी. पोट धरून लोळायला हवं होतं. पण हा भोळासांब! विचारलं तसं उत्तर देऊन मोकळा. “हो,” म्हणाला.

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मोठे साहेब म्हणाले, “बघा! मासे तर मासे, आमचे मामाही जगतात.”

त्याच संध्याकाळी मामाला घरी बसवलं. टाकीवर दुसरा माणूस आला. मोठ्या साहेबांनी प्लांटची नळी गुपचूप काढली आणि टाकीला वरच्या तळ्याचा नळ जोडला. मासे मरायचे थांबले. लोक येता-जाता म्हणायचे, “म्हाताऱ्याचाच हात वाईट होता, बिचारा खरं बोलायचा.” मामा हे सगळं ऐकून होता. सांगणार कुणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

तिसऱ्या दिवशी तो नेहमीसारखे दोन कॅन बांधून खालच्या वस्तीत गेला. त्याच्या आधी बातमी पोचली होती. व्याही आदल्या दिवशी स्वतः गेटवर जाऊन नवे मासे बघून आले होते. मामाला बघताच ते उठून सामोरे आले. राग कुठल्या कुठे पळाला होता. “या, व्याही, या! अहो, एवढं मनाला लावून घ्यायचं? नोकरी गेली, जाऊ द्या. तुम्ही पेलाभर पिऊन दाखवलंत म्हणे सगळ्यांसमोर. मर्द माणूस! आता मला सांगा, तुम्हाला काही झालं?”

“व्याही, एका पेल्याने नसतं होत. रोज रोज पोटात जाऊन होतं ते. माझं ऐका...”

“ठेवा ते कॅन. कंबर मोडेल तुमची. उद्यापासून आणू नका.”

मागून बुटकी आली. डोक्यावर विहिरीवरून भरून आणलेली कळशी, चालताना एक हात कमरेवर. तिचा चेहरा मामाला वेगळाच दिसला. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. कळशी ओट्यावर ठेवून ती बापापाशी येऊन बसली.

“खरं प्यायलात, बाबा?”

“प्यालो गं, पण...”

“मग सुटले मी,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुम्हाला काय सांगू, किती दिवस नुसती तहानलेली आहे. एकेक घोट घेताना वाटायचं, बाळाला आपल्या हाताने मारतेय.”

“बुटके, नको. ऐक माझं...”

तिने कळशीतून पेला भरून घेतला. मामा तिचा हात धरायला उठला. विहीणबाई म्हणाल्या, “अहो, पिऊ द्या की पोरीला पोटभर!” आणि व्याह्यांनी हसत हसत त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. बुटकीने बापाकडे बघत तो पेला घटाघटा रिकामा केला, आणि दुसरा भरून घेतला.